गडकरी, सुधाकर आणि कोथरूडची एक खोली

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

राम गणेश गडकऱ्यांना 'एकच प्याला' रंगभूमीवर पाहायला मिळाले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर या गावी क्षयाने त्यांचा अंत झाला आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. पडदा वर गेला तेव्हा नाटककार नव्हता. उणेपुरे तेहेतीस वर्षांचे आयुष्य संपवून तो निघून गेला होता.

तो गेला तरी त्याची माणसे राहिली. सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावे नाटकाचे पानही न उलटलेल्या माणसाला ठाऊक असतात. 'तळीराम' हा शब्द तर आजही वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून फिरतो. एकतीस डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी किती तळीराम पकडले, हे एक जानेवारीच्या आसपास आपण दरवर्षी वाचतो. एखाद्या नाटककाराने भाषेला विशेषनाम द्यावे आणि भाषेने त्याचे सामान्यनाम करून टाकावे, याहून मोठा मान कोणता?

मराठी विशेष घेतलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना गडकरी अभ्यासाला असतात. अलंकार, कोट्या, कल्पनांची उधळण, 'एकच प्याला' ही शोकांतिका दारूची की सुधाकरच्या मानी स्वभावाची, अशा प्रश्नांची उत्तरे आम्ही लिहितो. या लेखात मात्र गडकऱ्यांच्या आयुष्याकडे मला एका वेगळ्या जागेवरून पाहायचे आहे. ती जागा म्हणजे कोथरूडमधील एका शाळेची खोली. तिथे आठवड्यातून एकदा संध्याकाळी दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे एकत्र बसतात. माझ्या मामाबरोबर मी तिथे गेले. त्यानंतर हे नाटक पुन्हा वाचले, तेव्हा नाटककाराचे चरित्रही पुन्हा वाचावेसे वाटले. आधी ते चरित्र सांगते.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. बालपण गुजराती मुलखात गेले, पहिली अक्षरे गुजरातीत गिरविली. पुढे ज्याच्या मराठीने महाराष्ट्राला वेड लावले, त्याला मराठी नीट अवगत व्हायला बराच काळ जावा लागला, ही गोष्ट इंग्रजी माध्यमातून आलेल्या माझ्या मैत्रिणींना धीर देणारी आहे. वडील लवकर वारले. घरची स्थिती बेताची झाली. कुटुंब महाराष्ट्रात आले आणि गडकरी पुण्याच्या शाळेत दाखल झाले. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात नाव घातले, परंतु पदवी काही त्यांच्या नशिबी नव्हती. कॉलेज सुटले आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला.

विशीच्या उंबरठ्यावर असलेला हा तरुण मग किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. नट म्हणून किंवा नाटककार म्हणून नव्हे, तर कंपनीतल्या मुलांना शिकविणारा मास्तर म्हणून! त्या काळच्या नाटक कंपन्या म्हणजे फिरती गावे असत. स्त्रीभूमिका करणारी मुले, गवई, तबलजी, रंगारी, आचारी असा शेपन्नास माणसांचा संसार एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई. त्या संसारात गडकऱ्यांनी रंगभूमी आतून पाहिली. मधल्या काळात 'ज्ञानप्रकाश' पत्रात उपसंपादकी झाली, काही दिवस शाळेत शिकविणे झाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरू मानले आणि ते नाते शेवटपर्यंत जपले. कोल्हटकरांच्या 'मूकनायक' नाटकातही मद्यपानाचा विषय आहे, म्हणजे तो धागा शिष्याच्या हाती गुरूकडून आला असे म्हणता येईल.

पुढची दहाबारा वर्षे त्यांनी ज्या वेगाने लिहिले तो वेग आज अचंबित करतो. 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहिल्या, त्या पुढे 'वाग्वैजयंती'त संग्रहित झाल्या. 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले. 'प्रेमसंन्यास'मध्ये विधवाविवाहाचा प्रश्न मांडला. १९१६ साली 'पुण्यप्रभाव' आले. त्यानंतर 'एकच प्याला'. अंथरुणाला खिळलेले असतानाच त्यांनी 'भावबंधन' पुरे केले. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' अपुरी राहिली. शरीर क्षयाने पोखरत होते आणि लेखणी धावत होती. 'एकच प्याला'तली पदे लिहायलाही त्यांना सवड मिळाली नाही. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली.

या सगळ्या आयुष्यात मला एक गोष्ट ठळक दिसते. गडकरी मंडळींत वाढलेले लेखक होते. लहानपणी घर मोडले, तरुणपणी कॉलेज सुटले, पण मंडळी भेटत गेल्या. किर्लोस्कर मंडळी, महाराष्ट्र नाटक मंडळी, गंधर्व मंडळी, बळवंत मंडळी, गप्पांचे फड, गुरू आणि गुरुबंधू. माणूस कोणाच्या संगतीत बसतो त्यावर तो काय होतो हे ठरते, ही गोष्ट त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, ती अनुभवली होती. म्हणूनच दारूवर नाटक लिहिताना त्यांनी बाटलीपेक्षा बैठक अधिक बारकाईने रंगविली.

त्या काळी दारूविरुद्ध बोलणारे लोक पुण्यात पुष्कळ होते. १९०८ साली शहरात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, टिळकांनी त्या चळवळीला पाठबळ दिले. तेव्हा गडकरी तेवीस वर्षांचे होते. व्याख्याने होत, ठराव होत, दारूचे दुष्परिणाम सांगणारी पत्रके निघत. त्या सर्वांचा रोख दुकानावर होता. गडकऱ्यांनी रोख वळविला तो दुकानात शिरणाऱ्या माणसावर आणि त्याला हाताला धरून नेणाऱ्या मित्रावर.

नाटकाची कथा आपल्याला माहीत आहे, तरी माझ्या मुद्द्यापुरती ती आठवू. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. विलायतेला निघालेला जिवाभावाचा मित्र रामलाल त्याचा निरोप घेतो. पुढे न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी रद्द होते. अपमानाने जळणाऱ्या सुधाकरला त्याचा कारकून तळीराम विसर पडावा म्हणून एक प्याला देतो. एकच! पुढे दारूबाजांची एक संस्थाच आपल्यासमोर येते, तिचे नाव आर्य मदिरा मंडळ. या मंडळाची सभा हा विनोदाचा कळस आहे. तिथे शास्त्रीबुवा आहेत, खुदाबक्ष आहे, नाना जातींची, नाना पेशांची माणसे आहेत. बाहेर जे एकमेकांच्या पंक्तीला बसणार नाहीत ते इथे मांडीला मांडी लावून बसतात. सारा समाज ज्या गोष्टीत हरला ती गोष्ट दारूने साधली, असा तो बोचरा विनोद आहे.

पुढे पाहा. सुधाकर एकदा शुद्धीवर येतो. दारू सोडण्याचा निश्चय करतो. काम मागायला जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांच्या दारी जातो. त्यांना त्याचा निश्चय दिसत नाही, त्याची जुनी कीर्ती तेवढी दिसते. ते त्याला हसतात, झिडकारतात. दारे बंद होतात आणि एकच दार उघडे राहते, ते मदिरा मंडळाचे. तो परत जातो, आणि मग त्याला थांबविणारे काही उरत नाही. तान्हे मूल त्याच्या हातून जाते, सिंधू जाते आणि शेवटी प्याल्यात विष घालून तोही जातो.

दारुडा पायरीपायरीने कसा उतरतो याचे विवेचन गडकऱ्यांनी सुधाकरच्याच तोंडी घातले आहे. सुरुवातीला सोडता येते पण सोडावीशी वाटत नाही, पुढे सोडावीशी वाटते तेव्हा सोडवत नाही, असा त्याचा आशय. वर्गात हे भाषण आम्ही वक्तृत्वाचा नमुना म्हणून वाचले. आमच्या घरात त्याचा अर्थ फार साधा होता. मामाचे हात सकाळी थरथरत, चहाची कपबशी वाजे, आणि ती वाजायची थांबावी म्हणून तो सकाळीच घेई.

माझा मामा कर्वे पुतळ्याच्या पलीकडे राहतो. गडकऱ्यांच्या काळी कोथरूड हे पुण्याबाहेरचे खेडे होते. जवळच्या हिंगण्याच्या माळावर कर्व्यांचा विधवाश्रम १९०० सालापासून उभा होता, बाकी शेते आणि पायवाटा. आज तिथे मेट्रोचा पूल आहे, इमारतींची दाटी आहे आणि प्रत्येक इमारतीत बंद दारांआड आपापली गोष्ट आहे. मामाच्या कचेरीने त्याला काही महिन्यांसाठी घरी बसविले होते. सुधाकरची सनद गेली तसेच. फरक इतकाच, की मामाला तळीरामाची गरज नव्हती. फोन केला की बाटली दाराशी येत होती.

मामीने आमच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे मुद्दाम लिहिते. पहिली अशी, की रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. शरीराला सवय झालेली असते. अचानक थांबले तर हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना भास होतात, झटके येतात, क्वचित जिवावर बेतते. म्हणून पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेख हवी. दुसरी गोष्ट, की दारू शरीरातून काढणे हे डॉक्टरांचे काम आहे, पण ती पुन्हा आत जाऊ न देणे हे एकट्या डॉक्टरांना जमत नाही. त्यासाठी सोबत लागते. मामा दहा दिवस रुग्णालयात राहिला. घरी आला तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक वार, एक वेळ आणि पौड रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका शाळेचे नाव लिहून दिले.

शाळेच्या फाटकावर पाटी नव्हती. पुठ्ठ्याचा एक तुकडा दोरीने बांधलेला होता, त्यावर 'ए. ए.' ही दोन अक्षरे आणि एक बाण. पहिल्या आठवड्यात मामा फाटकापर्यंत गेला, कोपऱ्यावरच्या टपरीवर पान खाल्ले आणि परत आला. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या वेळी मामी आणि मी बरोबर होतो. फाटकाशी उभा असलेला एक मनुष्य टपरीपर्यंत चालत आला, त्याने मामाला नाव न विचारता चहासाठी आत बोलावले. त्याने नंतर सांगितले, की तो स्वतः टपरीवरूनच चार वेळा परत गेला होता. आत न येणारा माणूस कुठे उभा राहतो, हे त्याला म्हणूनच माहीत होते.

ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. त्यांच्या काही सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असतात, काही खुल्या असतात. खुल्या सभेला घरचे लोक किंवा कोणीही बसू शकते. त्या दिवशीची सभा खुली होती. तिथे जे ऐकले ते तिथेच ठेवायचे असा नियम आहे आणि तो मी पाळणार आहे. कोणाचीही कहाणी इथे नाही. मामाविषयी लिहायला त्याने परवानगी दिली आहे. मात्र सभा कशी चालते ते सांगायला हरकत नाही.

खोली तिसरीच्या वर्गाची. भिंतीवर पाढे आणि फळांची चित्रे. बाके सरकवून पंधराएक खुर्च्या गोल मांडलेल्या. चहाचा थर्मास, कागदी पेले. त्या दिवसापुरता एकजण सभा चालवितो, पुढच्या वेळी दुसरा. अध्यक्ष नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. आरंभी थोडे वाचन होते. मग ज्याला बोलायचे तो फक्त पहिले नाव सांगतो, आपण दारुडे आहोत असे स्वच्छ सांगतो आणि स्वतःविषयी बोलतो. दुसऱ्याविषयी नाही. मध्ये कोणी बोलत नाही, बोलून झाल्यावर कोणी उपदेश करीत नाही. ज्याला बोलायचे नाही तो गप्प बसला तरी चालते. फी नाही. शेवटी एक डबा फिरतो, सदस्य आपल्या इच्छेने पाच-दहा रुपये टाकतात, त्यातून चहा आणि खोलीचे भाडे भागते. बाहेरून देणगी घेत नाहीत. हिशेब एका दिवसाचा असतो. जन्मभर पिणार नाही अशी शपथ कोणी घेत नाही, आजचा दिवस पिणार नाही एवढेच. जुना सदस्य नव्याला आपला दूरध्वनी क्रमांक देतो आणि रात्री-अपरात्री केव्हाही फोन करायला सांगतो.

खोलीभर नजर फिरविली तेव्हा मला हसूही आले आणि अंगावर काटाही आला. तिथे एक रिक्षावाले होते, एक निवृत्त अधिकारी होते, एक कॉलेजात शिकणारा मुलगा होता, आणखी कोण कोण. नाना जातींची, नाना पेशांची माणसे मांडीला मांडी लावून बसली होती. हे तर आर्य मदिरा मंडळ! तीच माणसे, तीच जवळीक, तोच सारखेपणा. फक्त पेल्यात चहा होता.

ही कल्पना कुठून आली, हेही पाहिले पाहिजे. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरी कामासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. काम फिसकटले. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता आणि समोरच्या मद्यगृहातून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. अपमान, एकटेपणा आणि जवळच प्याला, सुधाकरचीच घडी. त्याने त्या क्षणी दुसरा दारुडा शोधायचे ठरविले. चर्चच्या मंडळींना दूरध्वनी करीत करीत तो डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. बॉबची दारू सुटत नव्हती. दोघे कित्येक तास बोलत बसले. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता, स्वतः तगून राहायला गेला होता. आणि नेमके हेच बॉबला पटले. बॉबने शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी. तोच दिवस या संघटनेचा आरंभ मानतात. 'एकच प्याला'च्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा सोळा वर्षे झाली होती.

भारतात ए. ए.चे काम १९५७ च्या सुमारास सुरू झाले. तोवर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला होता. कायद्याने दुकान बंद करता येते, माणसाच्या मनातली तलफ बंद करता येत नाही, हा अनुभव सर्वांनीच घेतला. पुण्यापुरते बोलायचे तर २९ ऑगस्ट १९८६ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभारले. अवचटांनी 'गर्द'विषयी केलेले लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले होते. डॉ. अनिता अवचट १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. त्यांच्या केंद्राची एक खूण अशी, की तिथे बरे झालेले कित्येक रुग्ण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. म्हणजे अ‍ॅक्रनची गोष्ट येरवड्यातही खरी ठरली. नुकता बाहेर आलेला हात अजून आत असलेल्याला धरता येतो.

आता पुन्हा गडकऱ्यांकडे वळू. 'एकच प्याला'त सुधाकरला वाचवू पाहणारी माणसे थोडी का आहेत? रामलाल आहे, सिंधू आहे, तिचा भाऊ पद्माकर आहे. सगळी चांगली, सगळी त्याच्यावर माया करणारी. पण त्यांच्यातल्या एकानेही प्याला ओठांना लावलेला नाही. सुधाकरला ज्या घडीला प्याला दिसतो ती घडी त्यांना दिसत नाही. ती फक्त तळीरामाला दिसते. मानी माणसाचा अपमान झाला की तो कुठे वळेल, कोणत्या वेळी त्याला काय सांगितले म्हणजे तो हात पुढे करील, हे तळीरामाला अचूक ठाऊक आहे. नाटकात माणसाचे मन सर्वांत जास्त कळते ते त्यालाच, आणि ते ज्ञान तो माणसाला बुडवायला वापरतो.

कोथरूडच्या त्या खोलीत मला जे भेटले ते दारू सोडलेले तळीराम. ज्ञान तेच, हेतू उलटा. टपरीपर्यंत चालत आलेला तो मनुष्य आठवा. मामाच्या आयुष्यात लग्नसमारंभ केव्हा येणार, पगाराचा दिवस कोणता, कचेरीतून कोणते पत्र यायचे आहे, हे तो विचारून ठेवतो आणि नेमक्या त्या संध्याकाळी फोन करतो. हे पात्र गडकऱ्यांच्या नाटकात नाही. १९१९ साली ते पुण्यात तरी कुठे होते? नाटककार आपल्या काळात नसलेले पात्र कोठून आणणार? त्यांनी जे नव्हते त्याची जागा मात्र रिकामी ठेवून दाखविली. सुधाकर दारोदार हिंडून परत फिरतो तो प्रवेश म्हणजे ती रिकामी जागा आहे.

अगदीच रिकामीही नाही म्हणा. भगीरथ आहे. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला हा तरुण मदिरा मंडळातच आपल्याला भेटतो. रामलाल त्याला बाहेर काढतो, आणि तो लोकसेवेच्या कामाला लागतो. भगीरथ वाचतो आणि सुधाकर वाचत नाही, याचे कारण आम्ही परीक्षेत स्वभावभेद असे लिहितो. ते खरे आहे. पण भगीरथाला कोणीतरी दार उघडले आणि हाताला काम दिले, सुधाकरला दिले नाही, हेही तितकेच खरे आहे.

सिंधूविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज राहवत नाही. बालगंधर्व एरवी भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध. या नाटकात ते ठिगळे लावलेल्या लुगड्यात उभे राहत आणि प्रेक्षागृह रडे. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि गंधर्वांची सिंधू यांनी एक पिढी हेलावून सोडली. सिंधू दळण दळते, मार खाते आणि मरतानाही नवऱ्याला वाचविते. तिच्या सोशिकतेवर आम्ही निबंध लिहितो. माझ्या मामीने कित्येक वर्षे तेच केले होते. कचेरीत फोन करून नवऱ्याला ताप आहे असे सांगणे, उधारी फेडणे, बाटल्या लपविणे, शेजाऱ्यांपुढे हसणे. दारुड्यांच्या घरच्यांचीही वेगळी सभा असते, तिला अल्-अ‍ॅनॉन म्हणतात. मामी तिथे जाऊ लागली. नवऱ्याची दारू आपण लावलेली नाही आणि आपल्या सोसण्याने ती सुटणारही नाही, ही गोष्ट तिला तिथल्या बायकांकडून कळली. तिने खोटे फोन करणे थांबविले. आमच्या घरातील पहिला बदल मामात झाला नाही, मामीत झाला. सिंधूला अशा चार बायका भेटल्या असत्या तर, हा विचार मनात येतो. गीता भेटते, पण तीही त्याच जात्यात भरडली जाणारी.

हे वाचून कोणी समजू नये की त्या खोलीत गेले की दारू सुटते. चार महिन्यांनी एका नात्यातल्या लग्नात मामा पुन्हा प्यायला. तीन दिवस तो खोलीबाहेर आला नाही. सुधाकर परत फिरतो तेव्हा त्याला जे वाटले असेल ते मी त्या तीन दिवसांत मामाच्या बंद दाराबाहेर बसून पाहिले. चौथ्या दिवशी तोच टपरीवरचा मनुष्य घरी आला आणि त्याला घेऊन गेला. सभेत त्याला कोणी जाब विचारला नाही, कोणी हसले नाही. त्याने सांगितले की आज माझा पहिला दिवस, आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतले. हा लेख लिहिते आहे तेव्हा त्याच्या हिशेबात दोनशे अकरा दिवस झाले आहेत. उद्या दोनशे बारा होतील की पुन्हा एक होईल, हे त्याला ठाऊक नाही, मामीला नाही आणि मलाही नाही. उद्याही खुर्ची असेल, एवढे ठाऊक आहे.

गडकऱ्यांनी नाटकाचे नाव ठेविले त्यात त्यांची सारी दृष्टी आहे. माणसाला दहावा प्याला पाडीत नाही, पहिला पाडतो. म्हणून राखायचा तो पहिलाच. गंमत अशी, की कोथरूडच्या खोलीतही हिशेब फक्त पहिल्या प्याल्याचा ठेवतात. बाकीचे प्याले आपोआप टळतात. अ‍ॅक्रनच्या त्या दोन माणसांनी मराठी वाचले नव्हते आणि गडकऱ्यांनी त्यांना पाहिले नव्हते. तरी दारूचे मर्म दोघांनाही एकाच ठिकाणी सापडले. गडकऱ्यांना ते तिशीतच सापडले, खोकल्याची उबळ सांभाळीत लिहिताना, हे आठवले की त्यांच्यापुढे मान लवते.

आपल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. 'एकच प्याला' शिकविताना एका तासाला अलंकार बाजूला ठेवावेत आणि सुधाकर काम मागायला जातो तो भाग वर्गात वाचावा. आपल्यापैकी काहींच्या घरी तो भाग चालू आहे. भगीरथाच्या वयाचे तर आपण सगळेच आहोत, आणि वसतिगृहात वाढदिवसाच्या रात्री काय फिरते ते सर्वांना माहीत आहे. ज्याला किंवा जिच्या घरच्यांना त्या शाळेची वाट हवी असेल, त्यांनी मला विचारावे. बरोबर फाटकापर्यंत येईन. टपरीवरून परत फिरावेसे वाटले तर परतही येऊ, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ.